"नाही बा, घरीच असते"
(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावर एखाद्या बाईला विचारा, "ताई, काही धंदा आहे का?" ती म्हणेल, "नाही बा, घरीच असते." आणि ओटीवर विकायचे नागलीचे पापड वाळत असतात, नवरा बाजारासाठी बांबूच्या टोपल्या विणत असतो.

सरकारी मोजणीत हा उद्योगच धरतात. पाटी, दुकान नसले तरी चालते. 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतीबाहेरचे 6.34 कोटी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग दिसले. त्यांत आदिवासी मालकीचे शंभरात जेमतेम चार. 2011 च्या जनगणनेत आदिवासी मात्र शंभरात आठांहून अधिक. भांडवल नाही, हे कारण आहेच. पण "घरीच असते" या उत्तराचाही त्यात वाटा असावा, असे मला वाटते.

ही पाहणी सगळ्या घरांची होत नाही. निवडक गावांतल्या निवडक घरांना विचारतात, आणि एका घराचे उत्तर कितीतरी घरांच्या वतीने धरले जाते.

लोक भितात : रेशन बंद होईल, कर लागेल. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने ही माहिती गुप्त ठेवावी लागते, आकडेवारीशिवाय इतर कामाला वापरता येत नाही. कोणी दाविदाच्या गणनेचा दाखला देतात. दाविदाने तलवार चालवणारे मोजले. इथे टोपली विणणारे मोजायचे आहेत.

आपल्या सेवकांनी पाड्यावर "धंदा" हा शब्द टाळावा. "बाजारी काय विकता?" असे विचारून समजवावे. आलेल्या माणसाचे ओळखपत्र मात्र पाहावे, आणि मोबाईलवरचा ओटीपी कोणालाच सांगू नये.