घरची कॉफी आणि ज्याची त्याची चव



या व्यासपीठावर विद्वानांनी मोठमोठे विषय मांडावेत आणि आम्ही मात्र कॉफीचा पेला हाती घेऊन उभे राहावे, याचा आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, सभेच्या सतरंजीवर आणि सार्वजनिक वाचनालयात. कामगार संघटनेच्या माणसाने पगार, बोनस, कंत्राटी पद्धत यांविषयी बोलावे. कॉफीतले त्याला काय कळणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. हाच प्रश्न पूर्वी एकदा आम्हांस तोंडावर विचारला गेला होता. आजच्या भाषणाचा उगम तेथेच आहे.

गोष्ट सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची. आम्ही ज्या कारखान्यात होतो, तेथे एकाच स्वयंपाकघरातून दोन तऱ्हेची कॉफी निघे. साहेबांच्या जेवणघरात फिल्टरची ताजी कॉफी जाई. कामगारांच्या कँटीनमध्ये मात्र सकाळी एका भल्या मोठ्या पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि पूड एकदम उकळायला टाकीत. दुसरी पाळी संपेपर्यंत त्याच गाळावर नवे पाणी पडत राही. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कँटीनची तरतूद होती आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही होती. त्या समितीवर आम्ही होतो. आम्ही तक्रार मांडली, तेव्हा एक अधिकारी हसून म्हणाले, "अहो, तुमच्या लोकांना गरम आणि गोड मिळाले म्हणजे झाले. चवीचे त्यांना काय करायचे आहे?"

पगार कमी दिला तर माणसाचे पोट मारले जाते, हे आम्हांस ठाऊक होते. पण याला जीभच नाही, असे म्हटले की त्याचे माणूसपण मारले जाते, हे त्या दिवशी कळले. आम्ही घरी आलो ते कॉफी शिकायचीच असा निश्चय करून.

गुरू शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या टूलरूममध्ये पालघाटकडचे एक सहकारी होते. सुटीच्या दिवशी त्यांनी आम्हांस घरी बोलावले आणि पितळेचा फिल्टर पुढे ठेवला. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोके. त्यात पूड घालायची, वरून दांड्याची चकती ठेवून ती हलकेच दाबायची, ठेचायची नाही. पाणी उकळले की खाली उतरवून अर्धा मिनिट थांबायचे आणि मग धार धरायची. वीस ग्रॅम पुडीला एकशेवीस मिलीलिटर पाणी घेतले, तर पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि खाली ऐंशीच्या आसपास अर्क उतरतो. त्यालाच दक्षिणेकडे डिकॉक्शन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटे झाकण काढून डोकावायचे नाही. उतरलेल्या अर्कात नुकतेच तापवलेले दूध घालायचे. अर्क पुन्हा चुलीवर चढवायचा नाही. एवढ्यात दोन माणसांची कॉफी होते.

यातल्या प्रत्येक "नाही"ला कारण आहे. कॉफीचा वास म्हणजे उडून जाणारी द्रव्ये. कॉफी उकळत ठेवली की सारे घर घमघमते आणि आपण खूश होतो. पण घरभर पसरलेला तो वास पेल्यातून गेलेला असतो. मागे उरतो तो कडवटपणा, आणि तो झाकायला साखर लागते. पूड फार बारीक असली तर पाणी अडते, रेंगाळते आणि नको तो कडूपणा ओढून आणते. फार जाड असली तर पाणी भरभर निघून जाते आणि अर्क पांचट होतो. दळलेली पूड हवा लागून शिळी होते. म्हणून महिन्याची एकदम न भरता आठवड्याला शंभर ग्रॅम आणावी आणि घट्ट डब्यात ठेवावी. यांत पैशाचा प्रश्न थोडा आहे, लक्ष देण्याचा अधिक आहे.

दुकानात गेल्यावर तीन शब्द ठाऊक असावेत. अराबिका सौम्य, सुवासिक व किंचित आंबूस असते. रोबस्टा दाट व कडक असते आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट असते. तिसरी चिकोरी, ही कॉफीच नव्हे, एका झाडाचे भाजून दळलेले मूळ आहे. तिच्यात कॅफिन मुळीच नसते. ती रंग आणि दाटपणा देते. चिकोरी घालणे ही लबाडी नाही, न सांगता घालणे ही लबाडी आहे. म्हणूनच मिश्रणात तिचे प्रमाण किती, हे डब्यावर छापण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. डबा उलटून ते वाचावे. कराराची बारीक अक्षरे वाचायची सवय आम्हांस संघटनेने लावली, ती येथेही उपयोगी पडली.

आता आमची फजिती सांगतो. पुष्कळ भांडून आम्ही कँटीनमध्ये मोठा फिल्टर आणविला. पूड निवडली आम्ही, प्रमाण ठरविले आम्ही, आणि साखर निम्म्यावर आणली तीही आम्हीच. महिना झाला नाही तोच समितीपुढे शे-दीडशे सह्यांचा अर्ज आला. अर्ज होता आमच्याविरुद्ध! "नवी कॉफी कडू लागते. आमची जुनी गोड कॉफी परत द्यावी." सह्यांत आमच्याच संघटनेचे सभासद अधिक. आम्ही फार रागावलो. यांना चांगले वाईट कळत नाही, असे घरी येऊन बोललोही. आणि बोलता बोलता दचकलो. कारण त्या अधिकाऱ्यांचेच वाक्य आमच्या तोंडून निघाले होते. त्यांनी म्हटले होते, तुम्हांला जीभ नाही. आम्ही म्हणत होतो, तुमची जीभ चुकते. दोहोंत अंतर ते किती?

मंडळी, आमचे सारे आयुष्य बहुमताच्या ठरावांवर गेले. संप करायचा की नाही, हे बहुमताने ठरते आणि ते सर्वांना बांधून घेते. तसे नसेल तर संघटना एक दिवस टिकणार नाही. पण जिभेवर ठराव चालत नाही. आठ तास भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला गोड हवेसे वाटते, ते अडाणीपणामुळे नव्हे. आम्ही समितीत नवी मांडणी केली. पूड ताजी हवी, भांडे प्रत्येक पाळीला धुतलेले हवे, कालचा गाळ आज वापरायचा नाही: हे सर्वांचे हक्क, येथे तडजोड नाही. अर्क, दूध व साखर मात्र वेगवेगळी ठेवायची आणि ज्याने त्याने आपला पेला आपल्या हाताने जुळवायचा. तक्रारी थांबल्या. गंमत अशी, की वर्षभरात साखर आपोआप थोडी कमी लागू लागली. आम्ही कोणास काही सांगितले नव्हते.

हा धडा घरीही लागू पडतो. आमच्या लहानपणी घरात कॉफी होई ती मुलगी पाहायला मंडळी आली म्हणजे, किंवा रात्री भजन रंगले म्हणजे. दुधात उकळलेली आणि वर जायफळ उगाळलेली. दक्षिणेतले जाणकार तिला कॉफी म्हणणार नाहीत. फिल्टर शिकल्यावर आम्हीही नाक मुरडू लागलो होतो. आमच्या सौभाग्यवतींनी एकदाच विचारले, "तुमच्या फिल्टरमधून माझ्या आईच्या घरचा वास येईल का?" तेव्हापासून आमच्या घरी सकाळी फिल्टर असतो आणि रात्री कोणी आले तर जायफळ.

कामगारांनी कॉफीचा मान राखल्याचे उदाहरण आपल्या देशात मोठे आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे ही गृहे कॉफी बोर्डाकडे आली आणि १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करावयास घेतली. नोकर रस्त्यावर आले. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात. ज्यांना कालपर्यंत वाढपी म्हणत, ते मालक झाले. इंडियन कॉफी हाउस या नावाने त्यांची गृहे आजही चालतात.

शेवटी एकच सांगतो. हाच वसंत ऋतू आहे. कोडगू-चिकमगळूरच्या डोंगरांत मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर पडते आणि आठ-दहा दिवसांत कॉफीचे मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पुढे त्या फुलांची फळे होतात. एकाच फांदीवरची फळे एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून पिकलेले तेवढे हाताने निवडून तोडावे लागते आणि पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे यावे लागते. हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. आपल्या पेल्यातली चव पहिल्यांदा त्यांच्या बोटांनी निवडलेली असते. त्या बोटांना पुरती मजुरी मिळावी, एवढा एक ठराव मात्र आपण सर्वांनी मिळून करण्यासारखा आहे. बाकी कडू की गोड, फिल्टर की जायफळ, हे आपण घरी जाऊन ज्याचे त्याने ठरवावे.