वारसा आणि हंटर



वसंत व्याख्यानमालेत संतांवर, समरांगणावर, अर्थकारणावर बोलायचे, हा प्रघात. मी बोलणार आहे एका सिनेमावाल्यावर, आणि तोही मारामारीचे सिनेमे काढणारा. एरवी मी हा विषय घेतला नसता. पण यवतमाळात वारस या प्राण्याची आपल्याला चांगली ओळख आहे. बापाची जिनिंग फॅक्टरी, आज्याचा मळा, पणज्याचा वाडा. आणि तो सारा पसारा एका तरुणाच्या खांद्यावर. तो सांभाळील की उधळील, एवढाच प्रश्न आपण विचारतो. तिसरेही काही संभवते काय? जमशेद वाडिया हे नाव मी त्यासाठी निवडले आहे.

या माणसाच्या मागे केवढे घराणे होते ते आधी पाहा. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना गोदीच्या कामासाठी मुंबईस आणले. त्यांनी व त्यांच्या वंशजांनी मलबारी सागवानाची जहाजे बांधली, आणि ती अशी बांधली की इंग्रजांच्या आरमाराने ती घेतली. १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर; ते मुंबईच्या गोदीतले. १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबई बंदरातून परदेशी जाई, त्या बंदराची घडण या कुटुंबाने केली असे म्हटले तरी चालेल. परळला त्यांचा प्रशस्त वाडा होता, लवजी कॅसल.

या घराण्यात १९०१ साली जमशेद जन्मले. इंग्रजी वाङ्मय व अवेस्ता-पहलवी घेऊन एम. ए. झाले, कायद्याची परीक्षा दिली, एका बँकेत नोकरीही धरली. म्हणजे मुलगा मार्गी लागला. आणि मग मुलाने नोकरी सोडली व तो मूकपटांच्या धंद्यात शिरला! त्या काळी सिनेमा म्हणजे काय, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तमाशाच्या कनातीपेक्षा त्याची प्रतिष्ठा फार वर नव्हती. पारशी घरात काय गहजब झाला असेल, कल्पना करा. पण या एम. ए. झालेल्या गृहस्थांना डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीने वेड लावले होते. १९३२ साली त्यांनी ‘तूफान मेल’ काढला, रेल्वेच्या टपावरच्या हाणामाऱ्यांचा.

१९३३ साली धाकटे बंधू होमी व आणखी काही पारशी भागीदार यांच्यासह ‘वाडिया मूव्हीटोन’ उभी राहिली. पडद्यावर कंपनीचे चिन्ह यायचे ते शिडाच्या जहाजाचे. पूर्वजांचा हुन्नर सोडला, पण जहाज सोडले नाही. आणि स्टुडिओ कोठे? त्याच लवजी कॅसलमध्ये. ज्या आवारात पूर्वी बड्या लोकांच्या मेजवान्या झडल्या असतील, तेथे आता घोडे, पहिलवान आणि रंगवलेल्या भिंती. पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’. त्यात गाणारा एक पारशी मुलगा होता, फिरोज दस्तूर. पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य म्हणून ज्यांचे किराणा गाणे महाराष्ट्राने जिवाचा कान करून ऐकले, तेच हे पंडित फिरोज दस्तूर.

आता ‘हंटरवाली’कडे येऊ. मेरी इव्हान्स नावाची ऑस्ट्रेलियात जन्मलेली गोरी मुलगी, बाप पलटणीतला, स्वतः सर्कशीत आणि नाचाच्या ताफ्यात पोट भरलेली. हिंदीचे उच्चार बेताचे. तिला ‘नादिया’ म्हणून घेतले आणि १९३५ साली तिच्या हाती चाबूक दिला. कथा जमशेदजींची, दिग्दर्शन होमींचे. राजकन्या माधुरी बुरखा घालून दुष्ट दिवाण रणमलाचा समाचार घेते, गरिबांना न्याय देते. वितरकांनी हात झटकले. सोनेरी केसांची बाई पुरुषांना झोडपते, हे कोण पाहणार? शेवटी स्वतःच्या हिमतीवर चित्र मुंबईच्या सुपर सिनेमात लावले. ते आठवड्यामागून आठवडे चालले. गोऱ्या राज्यात एक गोरी बाई जुलमी दिवाणाला चाबकाने फोडते आणि देशी प्रेक्षक शिट्ट्या घालतो! सेन्सॉरला यात बोट ठेवायला जागा नव्हती. पिटातल्या माणसाला दिवाण कोण ते सांगावे लागत नव्हते.

पुढच्या चित्रांत घोडा ‘पंजाब का बेटा’ आला आणि ‘रोल्स रॉईस की बेटी’ नावाची एक खटारा मोटार आली. हसू येते. पण १९४०च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये हीच नादिया साक्षरतेची बाजू घेते, आणि बायका स्वतंत्र झाल्याखेरीज देश कसा स्वतंत्र होईल, अशा अर्थाचे बजावते. हे वाक्य सभेत आपण सगळे बोलतो. जमशेदजींनी ते चार आणेवाल्यांच्या पिटात नेऊन पोचवले. त्या चार आणेवाल्यांत गिरणगावचा बदलीवाला होता, तालुक्याच्या गावी तंबूत सिनेमा पाहणारा सालदार होता.

तरीही त्यांना प्रतिष्ठित चित्राची ओढ होतीच. माणूस वाचलेला, हे स्वाभाविक आहे. १९४१ साली ‘राजनर्तकी’ काढले, हिंदी, बंगाली आणि चक्क इंग्रजी, तिन्ही भाषांत. साधना बोस, पृथ्वीराज कपूर, मणिपूरचे नृत्य, मोठा खर्च. माझे मत विचाराल तर, वारसाची हौस येथे बोलली. ‘हंटरवाली’त त्याची बुद्धी बोलली होती. त्याच सुमारास मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे ते ओढले गेले. फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला पाहिजे, ही रॉय यांची भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. बेचाळीसच्या वातावरणात असे बोलणे किती अप्रिय होते ते आपण जाणतो. भूमिका पटो न पटो, टाळ्यांसाठी ती घेतलेली नव्हती.

१९४२ साली भाऊ वेगळे झाले. होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली, नादिया त्यांच्याकडे गेली. पुढे १९६१ साली दोघांनी लग्न केले. आणि लवजी कॅसलचा तो स्टुडिओ विकला गेला. घेतला कोणी? प्रभात सोडून आलेल्या व्ही. शांतारामांनी. तेथेच ‘राजकमल कलामंदिर’ झाले. त्यांचे पहिले चित्र ‘शकुंतला’, १९४३ साली आले. (आपल्या मूर्तिजापूरच्या गाडीशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव ऐकून यवतमाळकराचे कान टवकारणारच.) मराठीतली ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘अमर भूपाळी’ ही चित्रे याच ‘राजकमल’ची. लवजींच्या वाड्याला लावणीची थाप ऐकू येईल, असे त्या जहाजबांधणाऱ्या सुतारांच्या स्वप्नातही आले नसेल. वाडा गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला वाटते, किती वाड्यांच्या नशिबी इतके गाणे येते? आपल्याकडचे कित्येक वाडे दाव्यांत कुजले, भाऊबंदकीत कुलुपे लागून पडले.

जमशेदजी १९८६ साली वारले. त्यांचे नातू रियाद यांनी १९९३ साली नादियावर एक माहितीपट केला. आजोबांच्या एवढ्या चित्रांतून त्यांनी नाव घेतले ते ‘राजनर्तकी’चे नव्हे, ‘फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी’ असे ते नाव आहे. नादियाबाई तेव्हा हयात होत्या.