रंगवलेला कलदार

बोरगाव, सौसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात देवघरात नाहीतर आजीच्या ट्रंकेत एखादा तरी कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया, असतोच. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो, हळदकुंकू लागतं, पुन्हा आत जातो. तो घासू नका. राख नको, चिंच नको, टूथपेस्ट तर नकोच, हे मी जिथं जाईन तिथं सांगत असतो. आज त्याच्याही पुढचं सांगायचंय. हल्ली कलदार रंगवायला लागलेत.

चांदी गंधकानं काळवंडते, हे तुम्हाला माहीत आहे. पण काळी पडण्याआधी, थर अगदी पातळ असताना, ती आधी सोनेरी दिसते, मग तांबूस-जांभळी, मग निळी. कागदाच्या पुडीत किंवा लाकडी पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या नाण्यावर हे रंग कडेकडून आत सरकत जातात. अशा नाण्याला शौकीन जास्त पैसे मोजतो. झालं! ते कळल्यावर कुणी उकडलेलं अंडं नाण्याशेजारी डबाबंद करतो, कुणी गंधकाची धुरी देतो. संत्र्यावर फवारायचा गंधक तर आपल्याकडं घरातच असतो. वर्षांचं काम दोन दिवसांत उरकतात.

माच लावलेला आंबा आणि कार्बाइडचा आंबा तुम्ही ओळखता ना? माचातला आंबा कुठं पिवळा, कुठं हिरवट, देठाशी वेगळाच. कार्बाइडचा सगळीकडून सारखा पिवळाधमक, अन् कापला की आत आंबट. नाण्याचंही तेच. खरा रंग एकातून दुसऱ्यात हळूच उतरतो, त्याच्याखालून टांकसाळीची चमक डोकावते, अक्षरांच्या कडेला तो जरा बिचकतो. खोटा रंग भडक, एकदम सुरू होतो, एकदम संपतो. आंब्याला निदान वास तरी घेता येतो. नाण्याला भिंगच लागतं.

मागं एक तरुण 1862 चा राणी छाप कलदार घेऊन आला. मोरपंखी निळा! भिंगाखाली धरला, तर राणीच्या गालावर निळ्याच्या खाली बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. म्हणजे कुणीतरी आधी घासला होता आणि ते झाकायला वरून रंग चढवला होता. बरं, 1862 हे साल टांकसाळींनी पुढं 1874 पर्यंत रुपयांवर तसंच ठेवलं, म्हणून हा रुपया भरपूर सापडतो. साध्या नाण्याला नटवून दुर्मीळ करायचं, हा त्यातला डाव. पोराला मी काय म्हणालो ते इथं सांगत नाही.

आता भावाचं. कलदार म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. तेवढी किंमत सराफ कधीही देईल. त्याच्या वरचं जे मिळतं, ते नाणं जसं आहे तसं असल्याबद्दल मिळतं. रंगवलं की ते वरचं बहुतेक गेलं, उरलं वजन. पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकेतल्या पारख करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला अंकातली प्रत देतच नाहीत, रंगाबद्दल शेरा मारून परत पाठवतात. आणि घासून तो रंग काढावा म्हणाल, तर घासणं हा दुसरा घाव. पुन्हा सांगतो, कारण इथंच लोक विसरतात: रंगवलेलं नाणं घासून पूर्ववत होत नाही. थरात गेलेली चांदी थराबरोबरच जाते.

1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, त्याचं काळवंडणं वेगळं, पण ते आज राहू द्या. समोरून घड्याळाकडं बोट दाखवताहेत. भोसल्यांच्या नागपुरी रुपयांबद्दलही बोलायचं होतं. 1854 पर्यंत आपला हा मुलूख त्यांचाच, आणि त्या रुपयांचा काळेपणा बायाबापड्या फार उत्साहानं घासतात. ते राहिलं.

तर निदान एवढं करा. बाजारात रंगीत कलदार दिसला, की आधी विकणाऱ्याला विचारा, नाणं इतकी वर्षं कशात ठेवलं होतं. उत्तर द्यायला तो अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्या. आणि घरचा कलदार मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, त्यानं हिरवा चिकटा येतो. धरताना कडेनं धरा, आणि पूजेचं हळदकुंकू यंदा नाण्याऐवजी ताम्हनाला लावा. लक्ष्मी रागावणार नाही.