डायनामो बदलण्याआधी हिशेब करा



मंगळवेढ्यात, बार्शीत ज्वारीची मळणी रात्रीपर्यंत चालते. मग खळ्यावरून ट्रॉली निघते आणि जुन्या ट्रॅक्टरचे दिवे मिणमिणतात. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली नाही तर जीव जातो.

म्हणून आम्ही सांगतो, आधी पट्टा, कार्बन ब्रश आणि बॅटरी तपासा. तेवढ्यावर भागले तर पैसे वाचले. नाही भागले तर अल्टरनेटर बसवा. संथ इंजिनावर डायनामो चार्जिंग देत नाही, अल्टरनेटर देतो.

पण मोठ्या आकड्याला भुलू नका. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साधारण 9 ॲम्पियर घेतात. ट्रॉलीचे दिवे धरूनही 35 ॲम्पियर पुरे. बॅटरीपर्यंतची वायर मात्र नवी, जाड घाला. जुना कटआऊट काढा, पुली एका रेषेत बसवा.

काही जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. अल्टरनेटरला सहसा मायनस बॉडीला लागतो. उलटे जोडले की डायोड जळालेच.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास दिसले, तरच मिस्त्रीचे पैसे चुकते करा. मालाचा भाव आपण लढून घेऊ. खर्चाचा हिशेब आजच आपल्या हातात आहे.