मूल ऐकत नाही, की आपण नीट सांगत नाही?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'लहान मुलांना सांगितलेले लक्षात कसे राहील' हा विषय आज आम्हाला देण्यात आला आहे. आम्ही काही बालमानसशास्त्राचे अभ्यासक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली वीस वर्षे बँकेत कारकुनी करीत आहोत. तरीही बोलावयास उभे राहिलो, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती आपल्यापुढे कबूल करावी असे वाटले.

आमचा धाकटा तेव्हा पहिलीत होता. सकाळची घाई, बँक गाठायची होती. आम्ही आतल्या खोलीतूनच ओरडलो, "दात घास, डबा दप्तरात ठेव, बाटली भर, मोजे शोध आणि आजीला तिची गोळी दे!" बाहेर टीव्ही चालू. दहा मिनिटांनी पाहतो तो चिरंजीव एक मोजा हातात धरून खिडकीत उभे. आमचा हात उठला. "मठ्ठ आहेस, एक गोष्ट ध्यानात राहत नाही," असेही बोलून गेलो. तो रडत म्हणाला, "बाबा, मला मोजे एवढंच आठवलं."

त्याच दिवशी काउंटरवर एक म्हाताऱ्या बाई आल्या. आम्ही सवयीने सांगितले, "स्लिप भरा, मागे सही करा, आधारची झेरॉक्स जोडा, तीन नंबरवर दाखवा आणि परत इथे या." बाई थोड्या वेळाने कोरी स्लिप घेऊन परत आल्या. "साहेब, आधी काय करायचं?" आम्ही त्यांना मठ्ठ म्हटले नाही. सहीच्या जागी फुली मारून दिली आणि म्हणालो, "मावशी, आधी एवढंच करा." काम झाले. घरी परतताना मनात आले, परक्या माणसाला जो धीर आपण दाखवला, तो पोटच्या सहा वर्षांच्या पोराला का दाखवला नाही?

मित्रहो, आपलीच परीक्षा घ्या. मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो. तो टाकेपर्यंत आपण तोंडाने पुटपुटतो. मध्येच कोणी हाक मारली की आकडे गेले! जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिले की, मोठा माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी लक्षात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला. मग लहान मुलाचे काय? त्याची ओंजळच लहान. तिच्यात तांब्याभर पाणी ओतले तर सांडणारच. सांडले म्हणून ओंजळीला मारायचे नसते, पाणी बेताने ओतायचे असते.

साधारणपणे दीड वर्षाचे मूल एक सोपी सूचना पाळते. अडीच वर्षांच्या सुमारास "चेंडू उचल आणि टोपलीत टाक" अशा दोन जोडलेल्या गोष्टी त्याला जमतात. त्यापुढे वयाप्रमाणे हळूहळू वाढ होते, पण सगळ्यांची सारखी नाही. शिवाय मूल खेळात रमलेले असेल तर हातातला खेळ सोडणे हेच त्याला मोठे काम असते.

आमच्या घरी जे उपयोगी पडले ते सांगतो. पहिली गोष्ट, दुरून ओरडायचे नाही. टीव्ही बंद करून जवळ जायचे, नावाने हाक मारायची आणि त्याने आपल्याकडे पाहिल्यावरच बोलायचे. दुसरी, एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी, आणि "आधी हे, मग ते" अशा क्रमाने. तिसरी, "पळू नको" म्हणण्यापेक्षा "हळू चाल" म्हणावे. काय करू नये हे कळले तरी काय करावे हे मुलाला कळतेच असे नाही. चौथी, सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजावेत. मूल विचार करीत असते आणि आपण तेवढ्यात पुन्हा ओरडून त्याचा धागा तोडतो.

पाचवी युक्ती आमच्या आईची. ती नातवाला दुकानात पाठवताना एकेक जिन्नस एकेका बोटावर ठेवायची. अंगठ्यावर मीठ, शेजारच्या बोटावर हळद, मधल्यावर काडेपेटी. मग म्हणायची, "आता तू सांग बघू, काय आणशील?" तोंडाने परत म्हटलेले आणि बोटावर धरलेले विसरत नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण पदराला गाठ मारून ध्यानात ठेवणारी ती पिढी होती. हेच पाहून आम्ही दाराजवळ एक कागद चिकटवला. त्यावर ब्रश, डबा, बाटली आणि मोजे यांची चित्रे क्रमाने काढली. रोजचा क्रम बदलायचा नाही, एवढेच पथ्य. आणि संध्याकाळी 'शिवाजी म्हणतो' हा खेळ. ऐकणे, थांबणे आणि मग करणे, तिन्हींचा सराव त्यात हसतखेळत होतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मूल वारंवार "काय?" विचारीत असेल, पाठीमागून हाक मारल्यास वळत नसेल, कान वाहत असेल, तर आधी कान तपासून घ्या. ऐकूच कमी येणाऱ्या मुलाला आपण हट्टी ठरवतो. अंगणवाडीतील आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. तेथील पथकाला ही शंका जरूर बोलून दाखवा.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला गावातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर त्यांना नावे न ठेवता शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आली. मुलाला जमत नसेल तर आपली रीत बदलावी, हा धडा आपल्या घरालाही लागू आहे.

बंधू-भगिनींनो, सहा वर्षांचे मूल बापाचे म्हणणे खरे मानते. 'मठ्ठ' हा शब्द घरात रोज ऐकला, तर ते वर्गात हात वर करणेच सोडून देईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरात शिकणारी ही पहिली नाहीतर दुसरी पिढी आहे. तो शिक्का पुसायला बाहेरचे कोणी येणार नाही. म्हणून तो आपण मारूच नये.

आमचा तो मुलगा आता आठवीत आहे. परवा आम्ही घाईत चार कामे एकदम सांगितली, तर म्हणाला, "बाबा, आधी काय करू?" आम्ही मुकाट्याने एकच काम सांगितले.