पंगतीतला परका

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

सेवाकार्य हा विषय आपल्या शिबिरांतून वारंवार येतो. नांदेड-लातूरच्या भूमीवर त्याचा विचार करावयाचा म्हटले की किल्लारीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती आणि त्यांवरचे पांढऱ्या मातीचे जड माळवद ज्यांच्या आधाराने पिढ्या वाढल्या, त्यांच्याच अंगावर कोसळले. औसा तालुक्यातील किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची अनेक गावे जमीनदोस्त झाली. आठ-दहा हजार माणसे गेली.

त्यानंतरच्या दिवसांत मुंबई-पुण्यापासून ते परदेशांपर्यंतच्या संस्था आणि असंख्य तरुण स्वयंसेवक या भागात आले. त्यांनी किती ब्लँकेटे वाटली आणि किती प्रेते उचलली, याची गणना येथे करावयाची नाही. प्रश्न निराळा आहे. परका माणूस दुसऱ्याच्या दुःखात जाऊन राहतो, तेव्हा त्या गावात त्याचे नेमके स्थान कोणते? दात्याचे, अधिकाऱ्याचे, की पाहुण्याचे? स्वयंसेवकाचा दिनक्रम या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, आणि तो निघून गेल्यावर गावात मागे काय उरते, हेही त्यावरच ठरते.

या कल्पनेला स्वतःचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधील वर्दूनजवळच्या एका गावी १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने निरनिराळ्या देशांतील मूठभर माणसे जमवून ढिगारे उपसण्याचे काम आरंभिले. कालपर्यंत परस्परांचे शत्रू असलेल्या राष्ट्रांच्या माणसांनी एका फावड्याने काम करावे, हा त्यामागचा हेतू. १९३४ साली बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल चार-दोन सोबत्यांसह मुजफ्फरपूरकडे आला आणि गावे नव्याने वसविण्याच्या कामी खपला. आपल्याकडील माणसेही बाहेर गेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले. ते तेथील भाषा शिकले, तेथेच संसार मांडला आणि १९४२ साली तेथेच देह ठेवला. या दोघांच्या आयुष्यात एक गोष्ट समान दिसते. परक्या गावात जाताना त्यांनी आपले परकेपण लपविले नाही, परंतु ते मिरविलेही नाही.

किल्लारी परिसरात आलेल्या तरुणाचा दिवस कसा जात असे? प्रारंभीच्या दिवसांत पाऊस, चिखल, ढिगाऱ्याखालचा दर्प आणि सामुदायिक दहन यांखेरीज दुसरे काही नव्हते. विचार करण्यास अवसर नव्हता, आणि त्यामुळेच कदाचित काम सोपे होते. खरी कसोटी पुढे लागली. पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडले गेले, रात्री थंडी आणि दुपारी भट्टी असा पत्र्याचा न्याय सुरू झाला आणि स्वयंसेवकाच्या हाती फावड्याऐवजी वही आली. यादी करणे, रांग लावणे, अर्ज भरणे, मृत्यूचा दाखला, सातबाराचा उतारा आणि अनुदानाचा धनादेश यांसाठी एखाद्या विधवेबरोबर कचेरीचे खेटे घालणे, हा त्याचा दिनक्रम झाला.

वही हाती येताच माणूस बदलतो, हे कार्यकर्त्याने ध्यानी ठेवावे. काल ज्याच्या घराचे दगड आपण उपसले, तो आज 'लाभार्थी' होतो. परवापर्यंत दोन बैल आणि दहा माणसांचा बारदाना सांभाळणारा शेतकरी बादलीसाठी रांगेत उभा राहतो आणि विशीतला तरुण त्याला 'पुढे सरका' म्हणतो. तरुणाच्या मनात अनादर नसतो. त्याला लवकर काम उरकावयाचे असते. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत आपली नवी पायरी ऐकू येते.

मदत आणि गरज यांतील अंतरही याच काळात उघडे पडले. शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. नऊवारी नेसणाऱ्या बायकांच्या गावी शहरी कपाटांतली अडगळ आली होती. ती कोणी उचलली नाही, तेव्हा 'यांना किंमत नाही' असे म्हणणारेही निघाले. वास्तविक तो गावाचा नकार होता आणि तो समजून घ्यावयास हवा होता. ऑक्टोबर म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचा महिना. मदतीच्या यादीत धान्य, भांडी आणि पांघरुणे होती. शेतकऱ्याच्या मनात बियाणे, बैल आणि ढिगाऱ्याखाली गेलेली अवजारे होती. जगावयाचे तर वाफसा असेतोवर पेरले पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. ज्या स्वयंसेवकाने एक दिवस वही मिटून त्याच्याबरोबर बांधावर जाऊन बसण्याचे मनावर घेतले, त्याला ही गोष्ट कळली. इतरांना ती अहवालातून, पेरणी सरल्यावर कळली.

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक. ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या घरची भाकरी खावी कशी, या संकोचाने बाहेरचा तरुण नाही म्हणतो. त्याचा हेतू शुद्ध असतो. परंतु आपल्याकडे काही उरले आहे आणि ते दुसऱ्यास देता येते, एवढाच ज्या माणसाचा मान शिल्लक आहे, त्याचा तोही मान या नकाराने जातो. शेडच्या तोंडाशी तीन दगडांच्या चुलीवर थापलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी घेणे, हे अशा वेळी देण्याहून मोठे काम ठरते.

आणि जेवावे कोणाकडे? येथे गावाची जातव्यवस्था समोर उभी राहते. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच क्षणी पाडली खरी, पण शेडच्या रांगा लागल्या त्या जुन्या वेशीप्रमाणेच. पाटलाच्या शेडमध्ये मुक्काम करणारा स्वयंसेवक पाटलाचा माणूस ठरतो, आणि त्याने केलेल्या यादीवर दलित वस्तीचा विश्वास बसत नाही. तो कोठे झोपतो, कोणाच्या हातचे पाणी पितो आणि कोणाशी आधी बोलतो, हे सारे गाव पाहत असते. बाहेरच्या माणसाला तटस्थ राहता येत नाही. नकळत का होईना, तो बाजू घेतच असतो.

पुढे शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे काम लहान नव्हते आणि शासकीय यंत्रणेने त्यात घेतलेले कष्टही नाकारता येणार नाहीत. परंतु घरांचे माप काय होते? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांस ४०० चौरस फूट. सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५० चौरस फूट. शेतकऱ्यास धान्य, अवजारे आणि गुरे यांसाठी जागा लागते, असे त्याचे समर्थन करता येईल. तथापि निसर्गाने एका तडाख्यात मोडलेली विषमता सिमेंटच्या पायावर पुन्हा उभी राहिली, हे सत्य त्याने झाकले जात नाही. मजुराच्या घरची माणसे जमीनदाराच्या घरच्यांइतकीच मेली होती. चौरस फूट मात्र सातबाराने ठरविले.

नव्या गावांची आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते आणि ओळीने घरे आली. बोळ गेले, ओसऱ्या गेल्या, विहिरी आणि शेते दूर राहिली. गावोगावी दात्या संस्थांचे फलक लागले. पण म्हातारीला सरळ रस्ता नको होता, तिला समोरच्या दारात बसलेली शेजारीण हवी होती. पुढे लोकांनीच आडोसे उभारले, पडव्या काढल्या आणि हळूहळू आखीव गावाचे राहते गाव केले. नकाशा काढणाऱ्यांनी आधी दोन महिने तेथे राहून विचारले असते, तर हे श्रम वाचले असते.

याच प्रकल्पात एक निराळा प्रयोगही झाला आणि तो विशेष विचारार्ह आहे. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील घरांची दुरुस्ती आणि बळकटी लोकांनी स्वतः करावयाची होती. त्यासाठी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. डोईवरचा पदर न ढळू देता उंबऱ्याआड बोलणाऱ्या बायका अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. सिमेंट किती, वाळू किती, हप्ता कोठे अडला, याचा हिशेब मागू लागल्या. बाहेरच्या कार्यकर्त्याचे काम येथे बदलले. माहिती देणे, सभेत सोबत बसणे आणि योग्य वेळी गप्प राहणे, एवढेच त्याच्याकडे उरले. यांपैकी गप्प राहणे सर्वांत कठीण असते.

२००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील याच महिला तेथे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोहोचल्या. आता परक्या त्या होत्या. भाषा येत नव्हती, अन्न निराळे होते. परंतु मोडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईशेजारी बसताना त्यांना दुभाष्याची गरज किती भासली असेल? ज्यांनी घेतले होते तेच देऊ लागले. स्वयंसेवेचे याहून खरे फलित दाखविता येणार नाही.

दुसरे उदाहरण नळदुर्गचे. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी तेथे 'आपलं घर' उभे केले. वृत्तपत्रांतील छायाचित्रे थांबली, गाड्या परत गेल्या, तरी मुले वाढतच होती. मूल वाढविण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. पंधरा दिवसांची सेवा आणि पंधरा वर्षांची सेवा या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो, ही भाषेची उणीव आहे.

बाहेरून येऊन येथले होणे ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. शिक्षक म्हणून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्यांना कोणी परके म्हटले नाही, कारण त्यांनी येथल्या माणसांच्या लढ्यात आपले आयुष्य मिसळून टाकले होते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगर पाहावा. दूरदूरचे सेवेकरी येतात, भांडी घासतात, पोळ्या लाटतात आणि नंतर त्याच पंगतीत जमिनीवर बसून जेवतात. वाढणारा आणि जेवणारा यांची अदलाबदल तेथे रोज होते.

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत येळवस साजरी होते. त्या दिवशी शहरांचे रस्ते ओस पडतात आणि शेते गजबजतात. कडब्याची कोप घालून पूजा होते. भज्जी, उंडे, खीर आणि आंबील यांचा बेत असतो. ज्याला शेत नाही त्यालाही कोणाचे तरी आवतण असते, आणि वाटसरूलाही हाक मारून पंगतीला बसवितात. भूकंपानंतरची पहिली येळवस जानेवारी १९९४ मध्ये आली. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसांसमोरही तो सण आपल्या वेळी येऊन उभा राहिलाच.

मित्रहो, आपत्ती पुन्हा येतील. दुष्काळ येईल, पूर येईल, आणि या शिबिरातील तरुण कोणत्या ना कोणत्या परक्या गावी जातील. तेथे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. वही उघडण्यापूर्वी बांधावर बसावे. वेशीबाहेरच्या वस्तीत मुक्काम करावा. आणि कोणी आंबिलीचा तांब्या पुढे केला, तर तो दोन्ही हातांनी घ्यावा. ज्या गावाला आपल्याला जेवू घालता आले, ते गाव उद्या आपल्याशिवाय उभे राहू शकेल.