शस्त्रवैद्याचा पहिला छेद

शस्त्रवैद्य होऊं पाहणाऱ्या तरुणाचा पहिला छेद कोणाच्या देहावर पडावा? श्रोतेहो, हा प्रश्न आजचा नव्हे. ज्यानें शास्त्र पुष्कळ ऐकलें पण हाताला सराव दिला नाहीं, तो कर्मास अपात्र होय, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत नवव्या अध्यायीं बजाविलेलें आहे. छेदाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर. शीर टोंचण्याचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देंठांवर. टांके घालण्याचा वस्त्रावर व मऊ कातड्यावर करावा, असें तेथें सांगितलें आहे. कोहळा वाजवीपेक्षां अधिक चिरला गेला तर सायंकाळीं त्याची भाजी होते. रोग्याच्या बाबतींत ती सोय नाहीं.

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली व सावंगी (मेघे) येथें १९९० सालीं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. २०१९ सालीं देशभर नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आला, तेव्हांपासून कौशल्य-प्रयोगशाळा महाविद्यालयांना आवश्यक झाली. तेथें रबरी हातावर सुई टोंचावयाची, पुतळ्याची छाती दाबावयाची. आभासी वास्तव ही त्याच्याच पुढची पायरी होय. डोळ्यांवर चढविलेल्या चष्म्यांत दोन्ही नेत्रांना किंचित् भिन्न चित्रें दिसतात, त्यामुळें खोली भासते. मान वळली कीं दृश्यही वळतें.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत याचा उपयोग विशेष. पोटाच्या लहानशा छिद्रांतून गेलेली सळई टेकूवरील दांड्याप्रमाणें फिरते; हात उजवीकडे नेला कीं टोंक डावीकडे जातें. हें उलटें गणित बुद्धीला क्षणांत पटतें, पण बोटांना पटावयास शेंकडों आवृत्त्या लागतात. अमेरिकेंतील येल विद्यापीठांतील सोळा उमेदवार शल्यवैद्यांवरील प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. आभासी यंत्रावर शिकलेल्यांनीं खऱ्या रोग्याचें पित्ताशय यकृतापासून सोडविण्याचें काम २९ टक्के अधिक वेगानें केलें, आणि त्यांच्या चुका सरासरीनें सहापट कमी भरल्या. सोळा ही संख्या लहान खरी. तथापि रोग्याच्या दृष्टीनें ती बातमी लहान नव्हे. शिकाऊ हाताखालीं बहुधा गरीबच येतो, हें विसरून चालावयाचें नाहीं.

यंत्राच्या मर्यादाही उघड आहेत. जिवंत मांसाचा मऊपणा पुष्कळ यंत्रांत हाताला लागतच नाहीं. शिवाय तीं महाग, आणि महाग वस्तूंना कुलुपांत ठेवण्याची आपली जुनी खोड! पाहुण्यांना दाखविण्यापुरता काढलेला चष्मा कोणाचाही हात सुधारीत नाहीं.

सेवाग्रामचे नवे विद्यार्थी आरंभीं पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमांत राहतात व प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते. कापूस वेंचणीचा रोज बुडेल म्हणून पोटांतली कळ लपविणारी बाई त्यांना अशाच खेड्यांत भेटावयाची. ती चष्म्यांत दिसत नाहीं. पण तीच बाई उद्यां शस्त्रक्रियेच्या मेजावर येईल, तेव्हां समोरच्या तरुणाच्या हातून सळई डावीउजवीकडे चुकण्याचे दिवस मागें पडलेले असावेत, एवढें मागण्याचा तिला हक्क आहे.